अंतर कोण वाढवितो?

दोन नगरांमधील अंतर किती, हा प्रश्न भूगोलाचा आहे असे आपण समजतो. पण तो नेहमीच तेवढा नसतो.

पृथ्वीचा गोल पुढे घ्या. दोऱ्याचे एक टोक फिनलंडच्या हेलसिंकीवर धरा व दुसरे जपानच्या टोकियोपर्यंत ताणा. दोरा रशियाच्या सैबेरियावरून जाईल. हे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर भरते. याहून जवळची वाट नाही.

परंतु १९८३ साली फिनलंडच्या विमान कंपनीने टोकियोस न थांबता जाणारे विमान सुरू केले, तेव्हा ते या वाटेने गेले नाही. सोव्हिएत संघाचे आकाश टाळून ते उत्तर ध्रुवाकडे वळले, बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून खाली आले आणि सुमारे १३ तासांनी पोहोचले. पुढे सैबेरियाची वाट उघडली व हाच प्रवास साडेनऊ-दहा तासांवर आला. मग २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. युरोपीय राष्ट्रांनी रशियन विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही उलट तेच केले. विमाने पुन्हा वळसा घेऊ लागली आणि पुन्हा सुमारे १३ तास लागू लागले.

नगरे जागची हालली नाहीत. फिनलंड व जपान यांचे भांडण नव्हते. तरी त्यांच्यातील वाट लांबली, कारण मधल्या घराशी वैर उभे राहिले.

आपल्याकडे वेगळे काय घडते? दोन भाऊ बोलेनासे होतात आणि चुलत भावंडांच्या भेटी तुटतात. आई एकाकडे जाऊन आल्याचे दुसऱ्याला सांगत नाही. भांडण दोघांचे, वळसा साऱ्या घराला.

मग वाट बंद करणे हा नेहमी दोषच काय? तसे म्हणता येत नाही. आक्रमणाच्या दिवसापासून युक्रेनचे आकाश प्रवासी विमानांना मिटले. अशा वेळी अन्याय करणाऱ्याशी काही घडलेच नाही असे वागणे म्हणजे सोसणाऱ्याकडे पाठ फिरविणे होय. तेथे वळसा पत्करणे हेच कर्तव्य ठरते.

परंतु आपण आपल्या मानापमानालाही न्यायाचे नाव देतो. म्हणून तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. दार मी दुखावलेल्यासाठी लावले की माझ्या तोऱ्यासाठी? वळशाचा भार मी वाहतो की माझी मुले? आणि अन्याय थांबेल त्या दिवशी कडी काढण्याची माझी तयारी आहे काय?

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण. गालीलाहून यरुशलेमेस जाताना काही यहूदी लोक शोमरोन टाळून यार्देनेपलीकडून जात. वैर इतके जुने होते की वळसा हाच रस्ता वाटू लागला होता. प्रभू मात्र शोमरोनातील विहिरीपाशी बसला व त्याने तेथील स्त्रीजवळ पाणी मागितले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी गोल व दोरा वर्गात न्यावा. मुले विचारतील, "विमान सरळ का जात नाही?" उत्तर देण्यापूर्वी शिक्षकाने क्षणभर थांबावे व आठवावे, आपल्यामुळे कोण वळसा घालून चालले आहे.