निलंग्याच्या वीजतारा आणि उडत्या मोटारीचे स्वप्न

25 मे 2017 रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्यात तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर काही क्षणांतच खाली आले आणि विजेच्या तारांत अडकून कोसळले. आतले सहाही जण वाचले. दोन इंजिनांचे सिकोर्स्की यंत्र, व्यावसायिक वैमानिक, मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, एवढे सगळे हाताशी असताना हे घडले. खासगी उडत्या मोटारीची चर्चा करताना मला निलंगा महत्त्वाचे वाटते, कारण उडणाऱ्या वाहनाची सुरक्षितता एकट्या यंत्रात नसते. जागा, वारा, देखभाल आणि वैमानिक यांच्यावर रोज कुणीतरी जबाबदारीने नजर ठेवते, तेव्हा ती निर्माण होते. ‘माझी मोटार, मी हवी तेव्हा उडवीन’ ही कल्पना नेमकी ही नजरच काढून घेते.

मराठवाड्यात मोकळे रान भरपूर, कुठेही उतरता येईल, असे म्हटले जाते. पण शिवारात पाय ठेवला की दिसते ते वेगळेच: विहिरी-बोअरच्या पंपांसाठी शेतोशेती गेलेल्या तारा, झोल पडलेल्या, बांधावरच्या डीपीकडे धावणाऱ्या. वरून त्या दिसतच नाहीत. त्यात मे महिन्याचा उन्हाळा. सुमारे 600 मीटर उंचीवर पारा 42 अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रसपाटीवरच्या प्रमाण हवेपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी घटते. तेवढेच वजन उचलायला जास्त शक्ती लागते. ही शक्ती बॅटरीतून आणायची तर किलोमागे जेमतेम 250 वॅट-तास मिळतात, पेट्रोलमध्ये सुमारे 12 हजार असतात. व्होलोकॉप्टर या जर्मन कंपनीच्या हवाई टॅक्सीचा पल्ला 35 किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे नांदेडहून निघून लोह्याच्या थोडे पुढे. डिसेंबर 2024मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. स्लोव्हाकियाच्या ‘एअरकार’ने जून 2021मध्ये नित्रा ते ब्रातिस्लाव्हा उड्डाण 35 मिनिटांत केले खरे, पण तिला धावपट्टी लागते. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे धावपट्टी आहे. मात्र विमानतळ गाठूनच उडायचे असेल, तर घरच्या दारातून झेप घेण्याचे स्वप्न तिथेच संपते.

सुरुवातीला मोटारीही धोक्याच्याच होत्या, मग या यंत्रांना संधी का नाकारायची, हा आक्षेप गंभीर आहे. परंतु बंद पडलेली मोटार रस्त्याकडेला उभी राहते. हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले, तरी पुरेशी उंची असल्यास फिरत्या पात्यांच्या आधाराने उतरता येते. छोट्या पंख्यांच्या यंत्राला ती सोय नाही आणि पॅराशूट उघडायलाही उंची लागते. संगणक माणसापेक्षा चांगले उडवील, हे मी मान्य करतो. मात्र परवा टाकलेली नवी तार त्याच्या नकाशात कोण भरणार? आणि धोका पत्करणारा एक, तर खाली कापूस वेचणारी बाई दुसरीच. तिची संमती कुणी घेतलेली नसते.

नांदेडची 2017मध्ये सुरू झालेली हैदराबाद विमानसेवा कंपनी बंद पडल्यावर खंडित झाली आणि 2024मध्ये दुसऱ्या कंपनीने नांदेडहून पुन्हा उड्डाणे सुरू केली. लातूरला तर नियमित सेवा टिकलीच नाही. जिथे संघटित सेवा इतकी नाजूक, तिथे सुट्या मालकांच्या यंत्रांची तपासणी कोण करील? या तंत्राचा खरा उपयोग मला रुग्णवाहिकेत दिसतो: तालुक्याच्या रुग्णालयाजवळ कायम राखलेले हेलिपॅड, भोवतालच्या तारा जमिनीखाली, पगारी वैमानिक आणि उड्डाण थांबवण्याचा अधिकार असलेला माणूस. निलंग्यापासून सुरुवात करायला हरकत नाही.