पानाची पाठ

दिवस श्रावण-भाद्रपदातले असावेत. दूर कुठे जायचे नाही. सोसायटीची कुंपणभिंत, गच्चीचा कोपरा, पाण्याच्या टाकीखालची ओल, यांतली एक वीतभर जागा निवडा आणि तिच्यासमोर बसा. मोबाइल तूर्त खिशातच राहू द्या.

उभ्याने पाहिले की सगळे नुसते हिरवे दिसते. बसल्यावर हळूहळू त्यातले वेगवेगळे हिरवे कळू लागतात. घाई नको. नजर एका रोपावर टेकली की तिला तिथेच राहू द्या.

बहुधा ती भुईआवळी असेल. कुंडीत, फरशीच्या फटीत, कुठेही ती उगवते. आता एक फोटो काढा, मनाला येईल तसा. तुम्ही तो वरूनच काढला असेल. दोन ओळींत बसलेली इवली पाने, त्यांवर एखादा थेंब. फोटो छान आला आहे. पण ही भुईआवळीतली नेमकी कोणती, हे त्या फोटोवरून जाणकारालाही सांगता येणार नाही.

आता बोट फांदीखाली घाला आणि ती अलगद उलटी करा. पानांच्या बगलेत, ओळीने, मोहरीएवढी फळे लटकलेली दिसतील. त्यांना देठ आहे की ती फांदीला चिकटूनच आहेत? साल गुळगुळीत आहे की खरबरीत? फूल असेल तर त्याची दले मोजा. पाच असली तर एक जात, सहा असली तर दुसरी. तिची सारी ओळख या खालच्या बाजूला आहे.

इथे थोडे थांबा. जे देखणे होते ते भावकीतल्या सगळ्यांसारखेच होते. वेगळेपण होते ते नजरेने ओलांडलेल्या जागी. आज दिवसभरात आपण काय काय नुसते वरून पाहिले, ते मनात येऊ द्या. उत्तर शोधू नका. येईल ते येईल.

मग पुन्हा फोटो काढा, या वेळी रोपाला विचारत विचारत. आधी पूर्ण रोप. मग फांदीवर पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक. पानाची पाठ. खोडावर लव आहे का. फुलाची मागची बाजू. फळ. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवा, म्हणजे आकार कळेल. तारीख आणि जागा टिपा. या फोटोंना कुणी वाहवा म्हणणार नाही, पण रोप ओळखायचे तर हेच लागतात. ॲप एखादे नाव सुचवील. ते घेण्याआधी एवढेच विचारा: याने रोपाचा कोणता भाग पाहून हे सांगितले?

आता नजर भिंतीकडे न्या. तिथे बुटक्या, दाट मॉसचा पट्टा असेल. निसरडे शेवाळ वेगळे, हे वेगळे. याला खरी मुळे नाहीत, फूल नाही, बी नाही. पाने बहुतेक जागी एकाच पेशीच्या जाडीची. ऊन पडले की ते आक्रसते, पाणी मिळाले की काही मिनिटांत उलगडते. केसासारख्या दांड्यांच्या टोकाला बोंडे दिसतात का पाहा. त्यांत बीजाणू असतात, आणि जात ठरवताना बोंडाच्या तोंडाशी असलेले बारीक दात पाहावे लागतात. मोबाइलच्या भिंगाला ते नीट दिसणार नाहीत. म्हणून लिहा: मॉस, बोंडांसह. तेवढेच.

आता स्वयंपाकघरात जा. गोड्या मसाल्यासाठी आणलेले दगडफूल असेल, त्यातला एक तुकडा तळहातावर घ्या. वरून राखाडी. पालथा करा: काळा. ही एकच एक वनस्पती वाटते, पण तिच्यात बुरशी आणि शैवाल एकत्र नांदतात. अन्न शैवाल करते, आसरा बुरशी देते. सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने १८६७ साली हे मांडले, तेव्हा ज्यांनी दगडफुलांच्या अभ्यासात आयुष्य घालवले होते अशा अनेकांना ते मुळीच पटले नाही. बाहेरून तर एकच दिसत होते. तुकडा हातात ठेवून या गोष्टीपाशी जरा रेंगाळा.

पुन्हा भिंतीपाशी या. तिच्या दगडावर अशीच बुरशी-शैवालाच्या जोडीची राखाडी चकती असेल, चुना उडाल्यासारखी. तिला पालथे करता येत नाही, ती दगडाशी एकजीव आहे. तिची जात ठरवायची तर तुकडा खरवडून काढावा लागतो, त्यावर रसायनाचा थेंब टाकून रंग बदलतो का पाहावे लागते, काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत असे अभ्यासलेले नमुने जपून ठेवले आहेत. दगडाला चिकटून वाढणाऱ्या कित्येक जाती वर्षाला मिलिमीटरभरही पसरत नाहीत.

आता स्वतःला विचारा: हिचे नाव मला कशासाठी हवे आहे? अभ्यासासाठी हवे असेल तर रीतसर शिका. नुसते चैन पडत नाही म्हणून हवे असेल, तर नख लावू नका. वहीत लिहा: राखाडी, दगडाला घट्ट, कडा फिकी, जात माहीत नाही. यातला प्रत्येक शब्द खरा आहे. अंदाजाने ठोकून दिलेल्या लॅटिन नावापेक्षा ही ओळ पुढे पाहणाऱ्याच्या जास्त उपयोगी पडेल.