डिझाइन धोरण आणि सरकारी खरेदी

औद्योगिक डिझाइनला सरकारी पाठबळ देण्याची भारतातील सुरुवात 1958 सालच्या एका अहवालापासून मानली जाते. केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकी दांपत्य देशभर हिंडले आणि पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांनी मानाचे स्थान दिले ते साध्या लोट्याला. त्याच अहवालातून 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. 1969 मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइन केंद्र सुरू झाले. राष्ट्रीय डिझाइन धोरण मात्र थेट 2007 मध्ये आले. त्यानंतर डिझाइन परिषद स्थापन झाली, भोपाळ, जोरहाट, कुरुक्षेत्र येथे नव्या संस्था निघाल्या आणि लघुउद्योगांना तज्ज्ञांचा सल्ला परवडावा म्हणून अनुदानही मिळू लागले.

कायद्याची बाजू अधिक अवघड आहे. 2000 च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणीला दहा वर्षांचे संरक्षण मिळते, ते आणखी पाच वर्षांनी वाढवता येते. पण डिझाइन नवे हवे. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कोल्हापुरी चप्पल या चौकटीत बसतच नाही. तिला 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकासाठी भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते देशाच्या हद्दीपुरतेच. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्या मुळात कोल्हापूरचे नावही न घेता. मूळ प्रेरणेची कबुली मिळाली ती इकडे ओरड झाल्यावर. कारागिरांच्या पदरात मानांकनाने किती पडते, हा प्रश्न त्या प्रसंगाने उघडा पाडला.

संस्था, अनुदान आणि कायदा यांपेक्षा मोठे बळ सरकारच्या हाती आहे, ते खरेदीचे. मतदान यंत्र हे त्याचे उत्तम उदाहरण. त्याचे रूप पवईच्या केंद्रातील ए. जी. राव आणि रवी पूवैया यांनी घडवले. उमेदवाराच्या चिन्हासमोर निळे बटण, ते दाबताच लाल दिवा आणि लांब ‘बीप’: अक्षरओळख नसलेल्या मतदारालाही कुणाला विचारावे लागत नाही. गरज सरकारची होती आणि गिऱ्हाईकही सरकारच, म्हणून हे डिझाइन प्रदर्शनात न अडकता गावोगावच्या मतदान केंद्रांत पोहोचले.

शाळेचा बाक किंवा दवाखान्याची खाट घेताना मात्र बहुधा सर्वांत कमी दराची निविदाच मंजूर होते. सल्लासेवांच्या निविदांत दराबरोबर गुणवत्तेलाही गुण देण्याची पद्धत रूढ आहे. तीच वस्तूंच्या खरेदीला लावली, तर चांगला बाक बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराला डिझाइनरचे मानधन खर्च न वाटता गुंतवणूक वाटेल.