उसवण

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवरच्या दमट हवेत अमेरिकी सैन्याचं सुती सामान भराभर विरू लागलं. ते विरवणारी एक हिरवट बुरशी तिथून अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत गेली. तिला थोपवायच्या खटपटीत एल्विन रीस या शास्त्रज्ञाला तिच्या कसबाचंच वेड लागलं, आणि १९७७ साली तिला त्याचं नाव मिळालं, ट्रायकोडर्मा रीसी. हिचीच भावंडं आपला शेतकरी हरभऱ्याची मर टाळायला बियाण्याला चोळतो.

या कसबाची थोरवी कळायला आधी त्याच्यापुढचं काम पाहावं. कापूस, कडबा, पाचट या सगळ्यांच्या अंगात सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही त्याच मण्यांचा. फरक फक्त ओवण्यात. पण तेवढ्या फरकानं दाणा आपलं अन्न होतो आणि ताट गुरांपुढे जातं. नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला सेल्युलोजचे निम्मे सांधे आपसूक सुटायला सुमारे ४७ लाख वर्षं लागतील, असा रसायनशास्त्राचा हिशेब आहे.

बुरशी जे करते त्याला ‘कुजवणं’ म्हणायला माझं मन घेत नाही. ते उसवणं आहे. जुनी गोधडी उसवणारी बाई आधी मधलाच एखादा टाका तोडते, मग सुटलेलं टोक चिमटीत धरून दोरा ओढत जाते. बुरशीचं एक विकर असंच साखळीत मध्ये घाव घालतं. दुसरं ते मोकळं टोक आपल्या अंगातल्या बोगद्यात ओढून घेतं आणि दोन-दोन मणी तोडत पुढे सरकतं. तिसरं त्या जोड्या फोडतं, तेव्हा कुठे ग्लुकोज हाती येतं. २०१० साली आणखी एक कारागीर उजेडात आला: तांब्याचा अणू बाळगणारी ही विकरं सेल्युलोजच्या घट्ट विणीतही चीर पाडतात, आणि तिथून बाकीच्यांना वाट मिळते.

गाईला स्वतःला सेल्युलोजची माळ उसवणारं विकर करता येत नाही. तिच्या कोटीपोटात राहणारे जिवाणू ते करतात. ती कडबा चावून, रवंथ करून त्यांच्यासाठी बारीक करत राहते. दुधाच्या प्रत्येक थेंबामागे हे बिनचेहऱ्याचे कामकरी आहेत, याचा विसर पडू नये असं मला फार वाटतं.

त्यांनाही एक गोष्ट जमत नाही. ताटाला ताठपणा देणारं लिग्निन फोडायला प्राणवायू लागतो, आणि कोटीपोटात तो जवळजवळ नसतोच. म्हणून लिग्निन बहुतांशी शेणातून बाहेर पडतं आणि उकिरड्यावर, उघड्या हवेत पुन्हा बुरशांच्या हाती लागतं. मृगाआधी ते खत रानात पसरलं जातं, आणि उसवायचं जे राहिलं ते मातीत चालू राहतं.