गोलरक्षकाच्या माथी



आपला संघ अंतिम सामना हरला की रात्रभर आपल्याला झोप नसते, आणि सकाळी चहा पितापिताच आपण दोषी ठरवून मोकळे होतो!

१६ जुलै १९५०, रविवार. रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकासाठी ब्राझीलला उरुग्वेशी बरोबरीही पुरेशी होती. पहिला गोलही ब्राझीलनेच केला. तरी उरुग्वे २-१ असे जिंकले. शेवटचा गोल ७९व्या मिनिटाला झाला, गोलरक्षक बार्बोझा आणि खांब यांच्यामधून. हरले अकरा जण, पण सर्वात जास्त दोष आला तो बार्बोझाच्या माथी. २००० साली तो वारला तोवर तो पुसला गेला नाही. पन्नास वर्षे!

दोष देणारे काही दुष्ट नव्हते, आपल्यासारखेच चाहते होते. दुःख खरे होते. ते सोसवेना म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकले. प्रभूने मात्र तीनदा नाकारणाऱ्या पेत्राकडे त्या रात्रीचा हिशेब मागितला नाही. प्रीतीविषयी विचारले आणि आपली मेंढरे त्याच्याच हाती दिली.

आपल्या मैदानावर पेनल्टी हुकलेल्या मुलाला आपण अजून त्या चुकीच्या नावाने हाक मारतो. तोही मिस्साला येतो. आज त्याला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारू या.