पाहणाऱ्याचा वाटा

'अनट्रेसेबल' हा अमेरिकन चित्रपट 2008 साली पडद्यावर आला, तेव्हा तेथील बहुतेक समीक्षकांनी त्याला फैलावर घेतले. ग्रेगरी हॉब्लिट यांच्या या चित्रपटातला खुनी पोर्टलँड शहरात माणसे पळवून नेतो, त्यांना यातनायंत्राला जखडतो आणि ते दृश्य इंटरनेटवर सर्वांना खुले करतो. पाहणारे जितके अधिक, तितका बळीचा मृत्यू लवकर. एकाच्या शरीरात रक्त गोठू न देणारे औषध सोडले जाते, तेही प्रेक्षकसंख्येच्या प्रमाणात! समीक्षकांचा मुख्य आक्षेप असा की, परपीडा पाहण्याच्या हौसेचा धिक्कार करणारा हा चित्रपट तीच हौस तिकीट लावून पुरवतो.

आक्षेप आम्हांस मान्य आहे. परंतु ढोंग्याने विचारला म्हणून प्रश्न खोटा ठरत नाही. साक्षीदार लबाड असला तरी त्याच्या जबानीतले एखादे वाक्य खरे निघते, हे न्यायालयात वावरणारा कोणीही सांगेल. ज्याने केवळ पाहिले, त्याच्याकडे पापाचा काही अंश येतो की नाही, हा तो प्रश्न होय.

खानदेशातून येऊन गोडादरा-लिंबायतीत स्थिरावलेल्या आपल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका वाटू नये. फेब्रुवारी 2022 मध्ये या सुरतेच्या वेशीवर एका तरुणीचा लोकांदेखत निर्घृण खून झाला. त्याचे चित्रण मोबाइलवरून हातोहात फिरले. त्याच वर्षी मे महिन्यात न्यायालयाने खुन्यास फाशीची शिक्षा सुनावली. असे चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडू शकते, हे खरे. पण पुराव्याची जागा पोलिसांच्या दप्तरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या खिशात नव्हे.

कायदा येथे फारसा हात देत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अपप्रेरणा सिद्ध होण्यास चिथावणी, कट वा हेतुपुरस्सर साहाय्य लागते. नुसती नजर यांत बसत नाही, आणि बसूही नये. नाहीतर तुरुंग अपुरे पडतील.

सभापर्वात मात्र हिशेब निराळा आहे. द्रौपदीच्या प्रश्नापुढे सभा मूक झाली, तेव्हा विदुराने कश्यपांचा निवाडा ऐकवला: निंद्य कृत्याची जेथे निंदा होत नाही, तेथे अर्धे पाप सभेच्या प्रमुखाकडे, चतुर्थांश कर्त्याकडे आणि उरलेला चतुर्थांश गप्प बसणाऱ्या सभासदांकडे जातो. कर्त्याचा आणि मौन धरणाऱ्यांचा वाटा सारखाच!

यावर कोणी म्हणेल, सभासदांना बोलण्याचा अधिकार होता. मोबाइल पाहणाऱ्याच्या हाती काय? चित्रपटात निदान नजर फिरवली तर बळी वाचला असता. सुरतेत ती मुलगी आधीच गेली होती. मग पाहिल्याने बिघडले काय? आमच्या मते, बिघडले ते तिच्या घरच्यांचे. लेकीचा अखेरचा क्षण अनोळखी माणसे चहा घेता घेता पाहतात आणि पुढे धाडतात, हे त्यांना जन्मभर ठाऊक राहणार.

संध्याकाळच्या आरतीनंतर देवळाच्या ओट्यावरही असे एखादे चित्रण येते. आधी तोंडातून 'अरेरे' निघते, आणि मग बोट पुढे पाठवण्याच्या खुणेवर जाते. त्या 'अरेरे'ला निंदा म्हणावे किंवा नाही, याबद्दल कश्यपांच्या निवाड्यात काही आढळत नाही.