काजऱ्याच्या बीत दोष कोणाचा?

कोकणात, गोव्यात किंवा दांडेलीकडच्या रानात आपण काजऱ्याचे झाड पाहिले असेल. गोव्यात त्याला काजरो म्हणतात, कानडीत कासरक, आणि वैद्य त्याच्या बियांना कुचला म्हणून ओळखतात. झाड पानझडी. फळ पिकले की लहान नारिंगासारखे गोल, केशरी; पाहताच मुलाने हात पुढे करावा असे. आत पांढरट, बुळबुळीत गर आणि त्यात बटणासारख्या चपट्या, राखी रंगाच्या, रेशमी लव असलेल्या बिया. या बियांत स्ट्रिक्नीन आणि ब्रुसीन ही विषे असतात. मग मनात येते, इतक्या देखण्या फळात मरण ठेवणारे हे झाड दुष्टच म्हणावे काय?

उत्तर देण्याची घाई करू नका. आधी धनेश पक्ष्याकडे पाहा. तो हे फळ गिळतो, गर पचवतो आणि बी अख्खीच्या अख्खी ओकून टाकतो. बी फुटत नाही म्हणून ती त्याला बाधत नाही. उलट ती दूर जाऊन पडते आणि तेथे नवे झाड उगवते. विष हे झाडाने आपल्या वंशाभोवती घातलेले कुंपण आहे. कुंपणाला कोणी पापी म्हणत नाही.

आता हे विष देहात काय करते ते समजून घ्या. आपल्या मज्जारज्जूत स्नायूंना 'पुरे, आता थांब' असे सांगणारी एक व्यवस्था आहे. स्ट्रिक्नीन नेमकी तीच बंद पाडते. मग साध्या स्पर्शाने, आवाजाने झटके येतात, देह धनुष्यासारखा ताठतो आणि श्वास कोंडतो. शुद्ध मात्र बहुधा जात नाही. माणूस हे सारे जाणून भोगतो. म्हणजे हे विष नवे बळ आणीत नाही, असलेल्या बळाचा आवर काढून घेते. क्रोध आणि लोभ यांची रीत याहून निराळी आहे काय?

कोणी म्हणेल, "पण शुद्ध केलेला कुचला औषध होतो ना?" होतो. बिया गोमूत्रात भिजवतात, दुधात उकळतात, साल व अंकुर काढून तुपात परततात. पण त्याने विष कमी होते, नाहीसे होत नाही. म्हणूनच जाणता वैद्य शोधनानंतरही तो गुंजेच्या मापाने मोजून देतो. आपले चुकते ते येथे. नित्य पूजा झाली, दासोह झाला, म्हणजे स्वभाव शुद्ध झाला असे मानून आपण जिभेचे माप सोडून देतो. शोधन झाले तरी मात्रा सुटत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि मात्रा सोडलेला हात कोठवर जातो? १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात भटक्या कुत्र्यांच्या हृदयात स्ट्रिक्नीन टोचून त्यांना मारणे हा प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवला आहे. कायद्याला ते नाव लिहावे लागले, हीच लाजेची गोष्ट. गल्लीतले कुत्रे पिसाळेल ही भीती खोटी नाही. पण तिच्यावर लस आहे. मुक्या जिवाला तडफडवून मिळवलेली निश्चिंती दयाधर्मात बसत नाही. ती बी झाडाने फोडली नव्हती, कुत्र्यानेही नाही. ती माणसाने, गुण जाणून फोडली. दोष असतो तो या जाणत्या हातात.

म्हणून वाचकहो, काजरा तोडू नका. मुलांना ते फळ ओळखायला शिकवा; त्याच्या गराचीही चव घेऊ देऊ नका. ऐकीव माहितीवर घरी कुचल्याचे औषध करू नका. आणि राग उसळेल तेव्हा आपल्या आत 'पुरे' म्हणणारा आवाज जागा आहे की नाही, एवढे तपासून पाहा.